घट बाहेर आहे की मनात?

(मुरुम येथील महादेवाच्या देवळाच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज कळस चढला. ज्या दिवसाची आपण सर्वजण वाट पाहत होतो तो दिवस देवाने दाखवला. अशा आनंदाच्या प्रसंगी मला बोलायला उभे केले, याबद्दल समितीचा मी ऋणी आहे. मी कोणी पंडित नव्हे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहे. तेव्हा माझ्या हातून थोडी मास्तरकी होणार, ती आपण गोड मानून घ्यावी.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. वर्गणीसाठी फिरत असताना एका घरी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मला अडवले. वडिलांनी वर्गणी दिली होती, पावती फाडून झाली होती. मुलगा म्हणाला, "गुरुजी, कीर्तनात तर सांगतात की जग ही माया, सगळे मिथ्या. मग मिथ्या दगडाला मिथ्या चुना लावायला खरे पैसे कशाला?" बरोबरची मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाला ठाऊक नसेल, पण त्याने जो प्रश्न विचारला त्यावर या देशात हजार वर्षे वाद झाला आहे. एका बाजूला बौद्ध आचार्य आणि दुसऱ्या बाजूला मीमांसक, नैयायिक, वेदान्ती. आणि त्या वादाचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून गेलेला आहे. आज तोच धागा आपल्यापुढे उलगडावा, असे मी योजले आहे.

प्रश्न साधा आहे. माझ्यापुढे हा पाण्याचा तांब्या आहे. मला तांब्या दिसतो. पण मला नेमके काय मिळाले? तांब्याचे ज्ञान मिळाले. तांब्या माझ्या डोक्यात शिरला नाही; शिरले ते त्याचे दिसणे. मग ते दिसणे सोडून, त्याच्या पलीकडे, बाहेर खरोखरच एक तांब्या आहे, हे मी कशावरून म्हणतो? शास्त्रात या तांब्याच्या जागी नेहमी घटाचे उदाहरण घेतात. घट म्हणजे मडके. आपणही मडकेच घेऊ.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते की जग नाही असे बौद्ध म्हणतात आणि जग आहे असे हिंदू म्हणतात. वस्तुस्थिती अशी नाही. बौद्धांमध्ये चार प्रमुख मते सांगितली जातात. त्यांपैकी वैभाषिक आणि सौत्रान्तिक हे दोघेही बाहेरचे पदार्थ आहेत असेच मानतात. पदार्थ थेट दिसतो की ज्ञानावरून त्याचे अनुमान करायचे, एवढाच त्यांच्यातला वाद. बाहेर काही नाही, जे आहे ते विज्ञान, म्हणजे जाणीवच, असे म्हणणारे ते विज्ञानवादी, ज्यांना योगाचारही म्हणतात. माध्यमिकांचा शून्यवाद आणखी निराळा. उलट आपल्याकडे, शंकराचार्यांच्या आधीच्या गौडपादाचार्यांनी जागेपण आणि स्वप्न यांची अशी काही बरोबरी केली की ती वाचताना आपण बौद्ध ग्रंथ तर वाचत नाही ना, अशी शंका यावी. तेव्हा ही भांडणाची रेघ दोन धर्मांच्या मधून गेलेली नाही. ती दोन्ही घरांच्या आतून गेलेली आहे. गावात बौद्ध बांधव आहेत, ते आज इथे आलेलेही आहेत. त्यांच्या देखत मी हे बोलतो आहे, आणि कोणाला हरवण्यासाठी बोलत नाही.

आता विज्ञानवाद्यांचे म्हणणे ऐकू. आपल्या शास्त्रार्थाची रीतच अशी आहे की आधी समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, नीट मांडायचा. तो इतका नीट की समोरच्याने म्हणावे, हो, मला हेच म्हणायचे होते.

वसुबंधू नावाचे मोठे आचार्य होऊन गेले. त्यांनी वीस श्लोकांचे एक छोटे प्रकरण लिहिले, त्याला 'विंशतिका' म्हणतात. त्यात ते प्रतिपक्षाच्या तोंडून चार शंका काढतात. बाहेर पदार्थ नसेल तर वस्तू ठराविक जागीच का दिसते? ठराविक वेळीच का दिसते? एकालाच न दिसता सगळ्यांना का दिसते? आणि तिच्याकडून काम कसे होते? उत्तर देतात, स्वप्न पाहा. स्वप्नात गाव दिसते ते ठराविक जागी आणि ठराविक वेळीच दिसते, बाहेर मात्र गाव नसते. स्वप्नात वाघ मागे लागला तर जागे झाल्यावर अंगाला घाम असतो. म्हणजे नसलेल्या वाघाने काम केलेच की! सगळ्यांना सारखे दिसण्याबद्दल ते प्रेतयोनीचे उदाहरण देतात. सारख्या कर्माचे जीव एकाच नदीत सगळेच्या सगळे पू वाहताना पाहतात. आणि कोणी म्हणाले, 'अहो, स्वप्न खोटे हे आपल्याला कळते,' तर वसुबंधू शांतपणे विचारतात, केव्हा कळते? जागे झाल्यावर. मग आपण आता जागे आहोत, हे कशावरून?

असे हे वाद घालणारे लोक होते. खरोखर डोके तापवणारे.

वसुबंधूंच्या परंपरेतले दिङ्नाग हे भारतीय तर्कशास्त्राचे एक जनकच म्हणावे लागतील. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला त्यांचा काळ. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याने डोंगराच्या दरीत कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे वर्णन लिहून ठेवले. त्यात तो म्हणतो की दिङ्नाग या विहारात पुष्कळ वेळा राहत असत, अशी जुनी माहिती लोक सांगतात. विद्वान हे वर्णन आपल्या अजिंठ्याचे मानतात. तेव्हा अजिंठ्याला सहलीला जाणाऱ्या मुलांनी चित्रे जरूर पाहावीत. पण त्या काळोख्या खोल्यांपैकी एखाद्या खोलीत बसून कोणीतरी 'ही भिंत खरोखर बाहेर आहे का?' असा विचार केला असेल, हेही मनात आणावे. भिंतीवर राजे, हत्ती, कमळे रंगवलेली. बाहेर काही नसून सारे आत रंगलेले आहे, असे म्हणणाऱ्याला याहून चांगली जागा कोणती मिळणार?

दिङ्नागांनी याच प्रश्नावर आठ श्लोकांचे प्रकरण रचले, त्याचे नाव 'आलंबनपरीक्षा'. त्याचे मूळ संस्कृत हरवले. तिबेटी आणि चिनी भाषांतरांमुळे ते वाचले. त्यांचा युक्तिवाद मी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. ज्ञानाचा विषय कोणाला म्हणावे? त्याला दोन अटी. एक, त्याने ज्ञान उत्पन्न केले पाहिजे. दोन, ज्ञानात जो आकार दिसतो तो त्याचा असला पाहिजे. आता तुम्ही म्हणता, मडके अणूंचे बनलेले आहे. बरे, अणू ज्ञान उत्पन्न करत असतील, पण अणूसारखे काही आम्हांला दिसत नाही. दिसते ते मडके. म्हणजे दुसरी अट सुटली. मग म्हणा, अणूंचा समूह दिसतो. पण समूह म्हणून निराळी वस्तू आहे कुठे? खळ्यावर ज्वारीची रास असते. एकेक दाणा उचलून बाजूला ठेवा. शेवटी रास कुठे गेली? दाणे सगळे आहेत, रास नाही. जी वस्तूच नाही ती ज्ञान उत्पन्न कसे करील? डोळा अधू झालेल्याला दोन चंद्र दिसतात, त्यातला दुसरा चंद्र जसा, तशी ही रास. म्हणजे पहिली अट सुटली. आणि अणू तेच असतील तर मडके आणि परळ वेगवेगळे का दिसतात? आकाराचा फरक अणूंमध्ये तर नाही. मग तो कुठे आहे? दिङ्नाग म्हणतात, तो ज्ञानातच आहे. आतला आकारच बाहेर असल्यासारखा भासतो.

आता उत्तरपक्ष पाहू.

मोठा घाव घातला कुमारिल भट्टांनी, आपल्या 'श्लोकवार्तिका'त. त्यात या वादावर निरालंबनवाद नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. ते म्हणतात, स्वप्नाचे उदाहरण घेता? पण स्वप्नालाही विषय असतो. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी पाहिलेल्या गोष्टीच स्वप्नात उलटसुलट होऊन येतात. ज्याने कधी वाघ पाहिला नाही, ऐकला नाही, त्याच्या स्वप्नात वाघ येत नाही. आणि दुसरे असे की 'सर्व ज्ञाने निर्विषय आहेत' हे तुमचे अनुमान तरी एक ज्ञानच आहे ना? मग तेही निर्विषय झाले. ज्या फांदीवर बसला तीच तोडली.

नंतर शंकराचार्य आले. आपल्या त्या मुलाने 'माया' हा शब्द ज्यांच्या नावावर ऐकला ते हेच आचार्य. साहजिकच आपल्याला वाटते की त्यांनी विज्ञानवाद्यांना म्हणावे, चला, आपण दोघे एकच बोलतो आहोत. पण ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, त्यांनी विज्ञानवाद्यांना अगदी रोखठोक उत्तर दिले आहे. ते म्हणतात, खांब, भिंत, मडके हे मला दिसते. माझे ज्ञान मला खांबासारखे दिसते असे कोणीच म्हणत नाही. पोटभर जेवणारा, तृप्त झालेला माणूस 'मी जेवत नाही, मी तृप्तही नाही' असे म्हणू लागला तर त्याचे कोणी ऐकेल काय? आणि बाहेर असल्या'सारखे' दिसते म्हणता, तेव्हा बाहेर काहीतरी असते हे तुम्ही कबूलच केले. जे जगात कुठेच नाही त्याच्यासारखे काही कसे दिसेल? वांझेच्या मुलासारखा हा दिसतो, असे कोणी म्हणते का?

बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी एक नाजूक मुद्दा काढला होता. निळा रंग आणि निळ्या रंगाचे ज्ञान ही दोन्ही नेहमी बरोबरच सापडतात. एक सोडून दुसरे कधी मिळत नाही. म्हणून ती दोन नाहीतच. शंकराचार्यांचे उत्तर असे की बरोबर सापडतात ती एक आहेत म्हणून नव्हे, तर ज्ञान हे साधन आणि वस्तू हे साध्य आहे म्हणून. दिव्याशिवाय वस्तू दिसत नाही, तेवढ्याने दिवा आणि वस्तू एक होत नाहीत. शिवाय मडक्याचे ज्ञान आणि कापडाचे ज्ञान यांत ज्ञान तेच राहते, मडके आणि कापड बदलते; पांढरी गाय, काळी गाय यांत गाईपण तेच आणि रंग निराळा, तसे.

यानंतरही वाद थांबला नाही. दहाव्या-अकराव्या शतकांत मिथिलेचे उदयनाचार्य आणि विक्रमशीला विहारातले ज्ञानश्रीमित्र, रत्नकीर्ती यांच्यापर्यंत तो चालला, आणि वाद करता करता दोन्हीकडचे तर्कशास्त्र पाजळून निघाले. पुढे विहार उद्ध्वस्त झाले, एका बाजूचा आवाज या देशात बंद पडला. दुसरी बाजू जिंकली असे काहीजण म्हणतात. माझ्या मते, प्रतिपक्ष उठून गेल्यावर एकट्याने म्हटलेल्या जिंकण्याला फारसा अर्थ नसतो.

आता आपण आपल्या मराठीकडे येऊ. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी भगवद्गीतेवर टीका सांगितली. तिच्या आरंभी गणपतीचे रूपक आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. गणपतीचे सहा हात म्हणजे सहा दर्शने. त्यांपैकी एका हातात मोडलेला दात आहे, आणि तो दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेले बौद्ध मत, अशी ती कल्पना. म्हणजे पाहा, कुमारिलांचा आणि बौद्धांचा तो वाद आपल्या माजघरात रोज सकाळी वाचला जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. दात मोडला खरा, पण देवाने तो टाकून दिला नाही. हातातच धरला आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडले तरी त्याला देवाच्या मूर्तीबाहेर ठेवायचे नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो. तो माझा अर्थ आहे. आपणांस पटला तर घ्यावा.

'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वर महाराज आणखी पुढे गेले. तिथे अज्ञानाचे खंडन केलेले आहे. हे जग अज्ञानाने उभे केले, अविद्येचा हा पसारा, असे म्हणण्याचीही त्यांना गरज वाटत नाही. जग म्हणजे चैतन्याचाच विलास, चिद्विलास. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोन्याला काही डाग लागत नाही, तसे जगाच्या रूपाने तेच एक नटले आहे. इथून जवळच असलेल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जी शिकवण दिली तिच्यातही कायकाला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, पूजेचा मान आहे. आणि वीरशैवांचे शक्तिविशिष्टाद्वैत जगाला खोटे म्हणत नाही. हातातले काम खोटे मानणाऱ्याला कायकाचा उपदेश करता येत नाही, हे उघड आहे.

मग 'मिथ्या' म्हणजे काय? त्या मुलाला मी उत्तर द्यायचे आहे. मिथ्या म्हणजे खोटे, फसवे, नसलेले, असा अर्थ वेदान्तात नाही. मातीवाचून मडक्याला स्वतःचे असे अस्तित्व नाही, एवढाच त्याचा अर्थ. मडके मातीतून वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण म्हणून पाणी मातीच्या ढिगाऱ्यात भरता येत नाही, ते मडक्यातच भरावे लागते. शंकराचार्य म्हणतात, ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार खराच धरायचा. बौद्धही दोन सत्ये सांगतात, व्यवहारातले आणि परमार्थातले. आणि व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही असेच तेही म्हणतात. विज्ञानवादी भिक्षूसुद्धा भिक्षापात्र हातात घेऊनच गावात येत असे.

इथवर झाली शास्त्रातली गोष्ट. आता आपल्या जिल्ह्यातील तेरला चला.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या जुन्या पुस्तकात पैठणच्या बरोबरीने त्याचा व्यापारी पेठ म्हणून उल्लेख आहे. तिथे त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे आणि पुढे विष्णूचे देऊळ झाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते पहिल्यापासून देऊळच होते. तो निवाडा तज्ज्ञांनी करावा. आपल्यासाठी एवढे पुरे की एकच वास्तू पाहून दोन्ही परंपरांची आठवण व्हावी, इतक्या जवळ त्या नांदत होत्या.

आणि त्याच तेरमध्ये गोरोबाकाका झाले. जातीने कुंभार, म्हणजे शास्त्रकारांनी ज्या मडक्याच्या उदाहरणावर हजार वर्षे वाद केला, ते मडके रोज हाताने घडवणारा माणूस. थापटणे घेऊन त्यांनी संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. आपल्या पाथरवटांनी या देवळाचे जुने दगड असेच ठोकून पाहिले. खणखणीत वाजला तो पुन्हा बसवला, बद्द वाजला तो बाजूला ठेवला.

पण गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. काका चिखल तुडवत होते. विठ्ठलाच्या नामात असे रंगले की बाहेरचे भान राहिले नाही. लेकरू रांगत चिखलात आले आणि पायाखाली तुडवले गेले. आता शास्त्रीच्या नजरेने पाहा. काकांच्या जाणिवेत त्या क्षणी लेकरू नव्हते. जाणिवेत नाही ते बाहेरही नाही, असे म्हणायचे तर काहीच घडले नाही. परंतु आईने हंबरडा फोडला. लेकरू होते. कोणाच्या ध्यानात आले नाही तरी ते होते. बाहेरच्या जगाचा याहून कठोर पुरावा मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. आणि लोकपरंपरेने ही कथा तिथे संपवली नाही. काका भक्तीत इतके तल्लीन होते, धन्य त्यांची, असे म्हणून ती थांबली नाही. पुढे पंढरपुरी कीर्तनाच्या वेळी लेकरू रांगत परत आले, तेव्हाच कथा पुरी झाली.

हे सगळे मला आधीपासून कळत होते असे समजू नका. मला ते कसे कळले हे सांगितले नाही, तर आजचे बोलणे अपुरे राहील.

१९९३ सालचा ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी, सास्तूर, आणि औसा व आपला उमरगा या तालुक्यांतली कितीतरी गावे क्षणात जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपेतली माणसे उठू शकली नाहीत. हजारो माणसे गेली. आम्ही काही शिक्षक आणि शाळेतली मोठी मुले भाकरी, पाणी आणि कांबळी घेऊन एका गावी गेलो. तिथे पडक्या घरापुढे एक म्हातारी बसलेली होती. सून आणि नातू आत गेले होते. मी तिच्याजवळ बसलो. काय बोलावे सुचेना. तेव्हा वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेले तोंडात आले. मी म्हणालो, "आजी, संसार हा मायेचा खेळ. दिसते ते खरे नव्हे. आत्मा मरत नाही."

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. म्हणाली, "गुर्जी, गोरोबाकाकाचं लेकरू देवानं माघारी दिलं. लेकरू नव्हतंच, असं देव बी म्हणला न्हाई."

बंधूंनो, एवढी वर्षे मी शंकरभाष्य वाचले, पण त्यातला 'जेवणाऱ्या माणसा'चा दृष्टान्त मला त्या दिवशी समजला. मी तिच्या दुःखाला उत्तर म्हणून परमार्थातले सत्य व्यवहारात वापरले होते. शास्त्रीय भाषेत ती चूक आहे, आणि साध्या भाषेत तो निर्दयपणा आहे. मी तिची क्षमा मागितली. मग गप्प बसून मुलांबरोबर दगड उचलू लागलो.

पुढे मी बौद्ध वाङ्मयात किसा गोतमीची कथा पुन्हा वाचली. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती बुद्धांकडे आली, औषध मागू लागली. बुद्ध तिला 'लेकरू नाहीच, सारे भास' असे म्हणाले नाहीत. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे म्हणून त्यांनी तिला गावात घरोघर पाठवले. दारोदार हिंडताना तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही. पाहा, तेरच्या आईची गोष्ट आणि गोतमीची गोष्ट. एकीत लेकरू परत आले, दुसरीत आले नाही. पण दोन्हीत लेकरू होते, आणि आईचे दुःख होते, हे कोणी नाकारले नाही.

मडके बाहेर आहे की मनात, यावर ते दोन पक्ष हजार वर्षे भांडले. पण दुःख आहे, यावर दोघांचे कधीच भांडण झाले नाही. विज्ञानवाद्याने बाहेरचे सगळे जग पुसले, तरी त्याला दुःख पुसता आले नाही. कारण दुःख हीच तर जाणीव. आणि वेदान्त्याने जगाला मिथ्या म्हटले तरी दुःखाच्या निवृत्तीसाठीच तो शास्त्र सांगायला बसला. माझ्या मते दोन्ही वाटा जिथून निघाल्या ती जागा ही आहे. तेव्हा 'जग मिथ्या' हे वाक्य ज्याने त्याने स्वतःच्या लोभाला सांगावे, स्वतःच्या अहंकाराला सांगावे. दुसऱ्याच्या भुकेला, दुसऱ्याच्या शोकाला ते कधी सांगू नये.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. बाळ, दगड खरा आहे, चुना खरा आहे, आणि उन्हात दगड वाहणाऱ्या मजुराचा घाम तर त्याहून खरा आहे. आपल्या वडिलांचे पैसे त्या घामाला मिळाले, ते वाया गेले नाहीत. देव दगडात आहे की मनात, याचा विचार तू अवश्य कर. दिङ्नाग वाच, शंकराचार्य वाच, 'अमृतानुभव' वाच. शंका घेण्याला या देवळात बंदी नाही.

देणगीदारांचे आभार समितीने मानलेच आहेत. मी फक्त एक विनंती करून थांबतो. ओवरीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, सावलीत पाण्याचा एक मोठा रांजण कायमचा असावा. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही जात, धर्म, गाव न विचारता पाणी मिळावे. या देशात पाणी कोणी प्यावे हा प्रश्न कोणत्याही दर्शनापेक्षा अवघड होऊन बसला होता. त्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, हे आपण विसरू नये. रांजण मी देतो. तो भरून ठेवण्याची पाळी गावाने वाटून घ्यावी.

रांजण बाहेर आहे की मनात, याचा निर्णय तहानलेल्याने पाणी पिऊन झाल्यावर सावकाश बसून करावा.